थाळी कोणी वाजवायची

नागपूरच्या विमानतळावर दारातल्या जवानानं माझं तिकीट पाहिलं, मग माझा चेहरा पाहिला आणि मोठ्या आपुलकीनं विचारलं, "घर जा रहे हो, मॅडम?" तिकीट गुवाहाटीचं होतं आणि चेहराही त्याच्या लेखी तिकडचाच. माझं घर तेव्हा माझ्या मागे रेलिंगला टेकून उभं होतं. आई डोळ्यांना पदर लावायचं टाळत होती आणि बाबा कुरडयांचा डबा उंच धरून ओरडत होते, "शलाके, डबा राहिला वं!" जवानानं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, त्याला काही जुळेना. तो बाबांना म्हणाला, "अंकल, पीछे हटो, मॅडम को जाने दो."

मी म्हटलं, "मेरे बाबा है वो. डब्बा दे रे. अब आपही लाके दो." तो ओशाळला, पण गेला आणि डबा घेऊन आला. आत बाकावर बसल्यावर मला रडू यायला हवं होतं, पण मला बरं वाटत होतं. हा स्वभाव आहे माझा. मला कोणी दुखावलं की मी ते ठेवून देते, खराब होऊ देत नाही.

शनिवारच्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमच्यातले काही नागपुरातच राहिले, काही पुण्या-बंगळुरूला गेले, एकजण पार समुद्रापलीकडे गेला. ज्यांना आपला शनिवार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही सगळी दत्तक पोरं. दत्तक तर पुष्कळ असतात, पण आमची गोष्ट चारचौघांत लपायची नाही. माझा जन्म आसामातल्या डोंगराळ भागातला, डोळे बारीक, नाक बसकं. दीड वर्षाची असताना मी नागपुरात, त्रिमूर्तीनगरात आले. करुणा कारवारकडच्या सिद्दी लोकांतली, काळीभोर, केस स्प्रिंगसारखे. तिला वाढवलं नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या एका बौद्ध कुटुंबानं. अशीच आणखी तीन-चार पोरं होती. आईबापांबरोबर रस्त्यानं चाललो की लोक वळून बघत आणि मनातल्या मनात गणित मांडत.

लक्ष्मीनगरात वैशालीताई राहायच्या. समाजकार्य शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी आमच्या आईबापांना सांगितलं की ही पोरं दहा-बारा वर्षांची झाली की घरी बोलेनाशी होतात, त्यांना एकमेकांची सोबत द्या. म्हणून दर दुसऱ्या शनिवारी आम्ही त्यांच्या वरच्या खोलीत जमायचो. आधी त्या काहीबाही चित्रं काढायला लावायच्या. मग तर्री-पोह्यांच्या बशा आल्या की म्हणायच्या, "आता अर्धा तास तुमचा," आणि दार ओढून खाली जायच्या. त्यांना वाटायचं, पोरं मन मोकळं करत असतील.

मन तर आम्ही मोकळं करायचोच, पण त्यानंतर सूड ठरवायचो. ज्याला त्या महिन्यात सगळ्यात जास्त लागलं असेल त्याची पाळी. तो सांगायचा, बाकीचे पोहे खात ऐकायचे, आणि मग काय करायचं ते सगळे मिळून ठरवायचे. नियम करुणानं केले होते. मारामारी नाही, नासधूस नाही आणि खोटं बोलायचं नाही. तिसरा नियम फार जाचक होता. खोटं न बोलता कोणाचा सूड घेऊन बघा, म्हणजे कळेल.

करुणाचाच पहिला सूड मला लख्ख आठवतो. तिच्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलनात देवी आणि राक्षसाचं नाटक व्हायचं आणि दरवर्षी राक्षस तीच. बाई म्हणायच्या, "तुला मेकअप करावा लागत नाही ना, बेटा." आम्ही ठरवलं की करुणानं राक्षस व्हायचं, अगदी मनापासून व्हायचं, फक्त मरायचं नाही. देवीनं त्रिशूळ खुपसला, करुणा उभी. पुन्हा खुपसला, करुणा उभी. विंगेतून बाई "पड, पड" करून राहिल्या आणि करुणा प्रेक्षकांकडे बघून हसतेय. शेवटी देवी रडायला लागली आणि पडदा पाडावा लागला. पुढच्या वर्षी तिला सूत्रधाराचं काम मिळालं. त्या दिवशी आम्ही एकेक बशी जास्त पोहे खाल्ले.

माझी पाळी आली ती महालक्ष्म्यांनंतर.

आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. घर एकच, खाली मोठे बाबा आणि मोठी आई, वर आम्ही. मोठी आई म्हणजे माझ्या बाबांची वहिनी. महालक्ष्म्यांचं सगळं तिच्या हातात. पितळी मुखवटे दोन, थोरली आणि धाकटी. पहिल्या दिवशी त्यांना दारातून आत आणायचं. थोरलीला मोठी आई आणणार, धाकटीला घरची मुलगी. मागून कोणीतरी थाळी वाजवायची. आतून विचारायचं, "कोण आलं?" आणि आणणारीनं म्हणायचं, "लक्ष्मी आली." कुंकवाच्या पावलांवर पाय देत सगळ्या घरातून फिरवून मग त्यांना बसवायचं. मोठ्या आईची मुलगी, माझी चुलत बहीण पल्लवी दोन-तीन वर्षं धाकटीला आणत होती. त्या वर्षी आईनं सहज विचारलं, "वहिनी, यंदा शलाकाला आणू द्यायची का?" मोठी आई काही बोलली नाही. आईला वाटलं, हो म्हणाली.

मी न्हाले, हिरवं परकर-पोलकं घातलं, उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. मी दोन्ही हात पुढे केले, आणि हातांत मुखवट्याऐवजी थाळी आली. वर चमचा.

"काहून वं, अशी काय पाहून राहिली? वाजव," मोठी आई म्हणाली. "धाकटीले घरच्याच पोरीनं आणा लागते."

आई माझ्या शेजारीच होती. पण दारात देव आणि भोवती बाया, ती काही बोलली नाही. मी थाळी वाजवली. सगळ्या खोल्यांमधून, पल्लवीच्या पाठीमागून, वाजवत गेले. इतकी चांगली वाजवली की एक बाई म्हणाली, "पोरगी गुणी आहे बाप्पा." त्या बाईचाही मला अजून राग आहे.

शनिवारी मी हे सगळं सांगितलं. तनय नावाचा एक मुलगा होता आमच्यात, तो म्हणाला मुखवटे लपवून टाकू. ते नासधुशीत बसतं का यावर बराच वाद झाला. करुणा म्हणाली, "तिच्याबद्दलचं खरं काहीतरी शोध. खऱ्याचाच मार बसते." माझ्याकडे तसं काही नव्हतं. म्हणून माझी गोष्ट तशीच ठेवली, पण दर महिन्याला करुणा विचारायची, "सापडलं काय वं?" आणि मी मान हलवायची. आज मोठमोठे लोक आधार-गट वगैरे म्हणतात ना, त्याचा अर्थ मला तेवढाच माहीत आहे. आपलं दुखणं आपल्याआधी दुसऱ्या कोणाला आठवणं.

ते खरं मला पुढच्या भाद्रपदात सापडलं, आणि तेही बाबांकडून. बाबा सरकारी कचेरीत कारकून, आवाज कधी न चढवणारा माणूस. मुखवटे चिंचेनं घासायचं काम दरवर्षी त्यांच्याकडे. मी शेजारी बसून पाणी घालत होते. मी म्हटलं, "बाबा, धाकटी हलकी काहून आहे? आणि हिचे कान पण थोरलीसारखे नाहीत."

बाबा हसले आणि जिन्याकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "ही मागून आली न. आपण रामटेकचं घर सोडून इथं आलो, तेव्हा टेम्पोत सामान भरताना खरी धाकटी कुठं गेली ती गेलीच. तुझे आजोबा मले घेऊन त्याच दिवशी इतवारीत गेले. दुकानं हिंडून हिंडून त्यातल्या त्यात मिळतीजुळती ही घेतली. म्हणाले, घरी सांगू नको. मी तर लहानच होतो. आणि वहिनी तेव्हा या घरात आल्याच नव्हत्या."

"मोठ्या आईले माहीत नाही?"

"कोणालेच नाही. आजोबांनंतर मलेच."

चिंचेचा हात तसाच ठेवून मी धाकटीकडे बघत बसले. घरच्याच मुलीनं आणावं लागतं म्हणे हिला, आणि हीच इतवारीतून आलेली, पिशवीत घालून. मला तिचा आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग ती मला एकदम आपली वाटली. शनिवारी हे सांगितलं तेव्हा करुणानं पोह्यांची बशी खाली ठेवली. "जेवणाच्या दिवशी सांग," ती म्हणाली, "सगळ्या बायांसमोर. तुले सगळ्यांसमोरच थाळी दिली होती न."

महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी जेवण असतं. पुरणपोळ्या, आंबील, सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी, आणि घरभर माणसं. दरवर्षी वाढपाच्या मध्ये कोणीतरी मुखवट्यांचं कौतुक करायचं आणि मोठी आई पदर सावरून सांगायची की दोघी पिढ्यानपिढ्यांच्या, रामटेकच्या घरातल्या, जुळ्या. त्या वर्षीही तिनं सांगितलं. मी मीठ वाढत होते.

मी म्हटलं, "थोरली रामटेकची आहे, मोठी आई. धाकटी इतवारीतून आणली. खरी हरवली होती."

पंगतीतले हात थांबले. मोठी आई म्हणाली, "काय बोलून राहिली ही? कोणं शिकवलं तुले?" मी गप्प राहिले असते तर तेवढ्यावरच भागलं असतं, पण माझ्या तोंडाला कुलूप राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "ती बाहेरून आली. तुम्ही अमरावतीहून आल्या. आई वर्ध्याहून आली. मी आसामातून आली. मग मी एकटीनंच थाळी काहून वाजवायची?"

मोठ्या आईनं बाबांकडे पाहिलं. "भाऊजी, सांगा न हिले." आयुष्यभर वहिनीच्या शब्दाबाहेर न गेलेल्या माझ्या बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, खरं आहे ते. मीच गेलो होतो बाबांसोबत." एवढंच. मग पुन्हा घास उचलला आणि खाऊ लागले. त्या माणसाला मी तेवढ्यासाठी काहीही माफ करेन.

त्यानंतर काय झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. खालचं आणि वरचं घर वेगळं झालं. जिना तोच, पण कोणी कोणाकडे जाईना. दर भाद्रपदात खालून थाळीचा आवाज यायचा आणि आम्ही वर वरण-भात खायचो. आई मला कधी रागावली नाही. फक्त त्या दिवशी वर आल्यावर एवढंच म्हणाली, "तुझं बरोबर होतं. पण जेवणं होऊ द्यायची होती." हे वाक्य माझ्यासोबत विमानात बसून इथवर आलं आहे. मी अजूनही त्याच्याशी भांडते. जेवणं झाली असती तर बाया घरी गेल्या असत्या, आई.

गुवाहाटीला मी एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून आले. लोकांना वाटलं, मूळ शोधायला चालली. मला मूळ वगैरे शोधायचं नव्हतं. मला फक्त एकदा अशा रस्त्यानं चालायचं होतं जिथं कोणी वळून बघणार नाही, कोणी मागून 'ए मोमो' म्हणणार नाही. ते मिळालं. पहिल्या आठवड्यात मी नुसती बाजारातून फिरायची आणि कोणी बघत नाही याचाच आनंद व्हायचा. पण मग भाजीवाली काही विचारायची, भराभरा, आपलेपणानं, आणि मला एक शब्द कळायचा नाही. मी नागपुरी हिंदीत बोलले की तिचा चेहरा असा व्हायचा, जसा त्या विमानतळावरच्या जवानाचा झाला होता. तिकडे चेहरा परका होता, इकडे जीभ परकी. घरमालकीणबाई मात्र चांगल्या. मला बाइदेउ म्हणजे ताई म्हणतात, सणाला तामोल-पान, आपली पान-सुपारी, पुढे करतात, 'लाहे लाहे' म्हणून धीर देतात, म्हणजे हळूहळू. मी त्यांना झणझणीत सावजी रस्सा करून घातला. त्यांनी डोळे पुसत पुसत दोनदा घेतला.

इथं मी सुखी आहे, हे सांगायला हरकत नाही. कामाला मान आहे, नदी आहे, संध्याकाळी वारा आहे. तरी इथं मी कधी दातओठ खाल्ले नाहीत. चार वर्षांत एकाही माणसाचा सूड घ्यावासा वाटला नाही. सुरुवातीला वाटलं, चला, शहाणपण आलं. मग कळलं की तसं काही नाही. इथं कोणी मला दुखवू शकतच नाही, कारण इथं मला कोणाकडून काही हवं नाही.

शनिवार अजून चालतो. वैशालीताई थकल्या, आता करुणा तो चालवते. दहा-अकरा वर्षांची नवी पोरं आहेत, मी इथून व्हिडिओवर असते. अर्धा तास झाला की करुणा म्हणते, "आता मोठ्यांनी बाहेर," आणि मी मुकाट्यानं कॉल बंद करते. त्या अर्ध्या तासात काय शिजतं ते मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. त्यांच्यात एक ईरा आहे. मणिपूरकडची, आईबाप मराठी. तिच्या आईला बाजारात लोक विचारतात, "ही पोरगी तुमच्याकडं कामाले आहे काय?" हे सांगताना ती रडत नाही. नख कुरतडते.

यंदा श्रावणात मोठ्या आईचा फोन आला. मोठे बाबा जाऊन दोन वर्षं झाली आहेत, पल्लवी कॅनडात. आधी बराच वेळ गुडघ्याबद्दल बोलली. "लय दुखून राहिला वं. तू तर त्यातलीच न, सांग काहीतरी." मी व्यायाम सांगितला. मग म्हणाली, "यंदा महालक्ष्म्या उभ्या करणारं कोणी नाही. तुझ्या आईले म्हटलं, तू कर. तर ते म्हणते, शलाका लक्ष्मी घेऊन येईल तर मी खाली येतो, नाही तर नाही."

मी फोन ठेवला. माझी आई. जेवणं होऊ द्यायची होती म्हणणारी, त्या दिवशी दारात गप्प राहिलेली. तिनं एवढी वर्षं ही अट सांभाळून ठेवली होती, योग्य वेळ येईपर्यंत. मला वाटायचं, सूड मी शनिवारी शिकले. तो माझ्या घरात वरच्याच मजल्यावर होता.

मी रजा टाकली आणि गेले. एकटी गेले नाही. करुणाला म्हटलं, पोरांना घेऊन ये. मोठी आई दारातल्या खुर्चीत बसली होती, केस पांढरे, अंगानं अर्धी झालेली. मुखवटे चकचकीत घासून पाटावर ठेवलेले, कुंकवाची पावलं काढलेली. धाकटी तीच होती, हलक्या पितळेची, वेगळ्या कानांची. सगळं कळल्यावरही मोठ्या आईनं ती बदलली नव्हती. हे मी तिच्या बाजूनं मांडते, पण त्याहून जास्त काही मांडत नाही.

थोरलीला मी आणणार होते. धाकटीला मी उचललं आणि ईराच्या पुढे केलेल्या हातांत ठेवलं. ईरानं माझ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे पाहिलं, आणि नख कुरतडायचं विसरली.

"ही कोण वं?" मोठी आई म्हणाली. "धाकटीले तर घरच्याच..." आणि मध्येच थांबली. तिला आठवलं. मला तेच हवं होतं.

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, नऊवारी नेसून, आरतीचं तबक हातात. तिच्या मागे बाबा. मी पाटाजवळची थाळी उचलली, वर चमचा ठेवला आणि मोठ्या आईच्या मांडीवर दिली.

"तुम्ही वाजवा, मोठी आई. तुम्हाले चालवत नाही न. बसूनच वाजवा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. गल्लीतल्या बाया बघत होत्या, करुणा बघत होती, पोरं बघत होती. मग तिनं चमचा उचलला. पहिला ठोका इतका हळू पडला की ऐकूही आला नाही.

"जोरात," मी म्हटलं. "मी जोरात वाजवली होती."

तिनं जोरात वाजवली. मी थोरलीला उचललं आणि ईरा माझ्यासोबत उंबरा ओलांडून आत गेली. आतून बाबांनी विचारलं, "कोण आलं?" आणि ती पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "लक्ष्मी आली." आम्ही सगळ्या खोल्यांमधून फिरलो, स्वयंपाकघर, देवघर, मागची खोली, मग जिना चढून वर, जिथं इतकी वर्षं फक्त आवाज यायचा. यंदाही आवाज खालूनच येत होता, पण आता आम्ही तो ऐकत वरण-भात खात नव्हतो.

घर कुठलं, असं मला दोन्हीकडे विचारतात. मी आता सरळ सांगते, नागपूर. जिथल्या माणसांचा सूड घेतल्याशिवाय चैन पडत नाही, ते आपलं घर. बाकी सगळीकडे आपण पाहुणे.

महालक्ष्म्या बसल्या, आरतीची तयारी झाली, तरी दारातून थाळी वाजतच होती. थांब म्हणायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी मिळून तिला आणखी थोडी वाजवू दिली.